आडूंचा पानगा

गोंदिया, रेल्वे बंगला नंबर चार
बुधवार, २१ एप्रिल १९२६

बाई,

तुझा धाकटा भाऊ पायावर डोकं ठेवतो. बारा वर्षांत कागदाचा कपटा धाडला नाही, अन् आता एकदम कसा आठवला म्हणशील. तुझ्या सुनेची करामत आहे. परवा तिचं कार्ड आलं.

शामकला, हे पत्र तूच सासूले वाचून दाखवत असशील, म्हणून आधी तुलेच बोलतो. "मामाजी, सासूबाईले सांगू नका मी लिहिलं" असं लिहितेस, अन् खाली म्हणतेस "उत्तर सासूबाईच्या नावानं धाडा". पोरी, तुले अक्कल आहे का वो? पण अक्षर झकास आहे. मंगरूचं नशीब चांगलं, एवढंच म्हणतो. आता वाच पुढं, अन् मधातलं गाळू नको.

बाई, कार्डात लिहिलं होतं की तू फाल्गुनात तलावाच्या पाळीच्या बांधावरून घसरली अन् तुझी पाठ धरली. ते वाचून वाईट वाटलं. पण त्याच्या खालचं वाचलं अन् मी ओट्यावर बसूनच राहिलो. साहेबाचा चहा उकळून उकळून काळा झाला.

मले वाटत होतं, गावातून माझं नाव कवाच गेलं. आपण कोहळी माणसं. तलाव बांधाचा, तलाव राखाचा, हाच आपला धर्म. वैशाखात अक्तीची तीज झाली की दुसऱ्या दिवशी गाळ काढून पाळीवर टाकाचा, घरातल्या एकेका लेकानं एकवीस टोपले. उदाराम काका पाळीवर उभे राहून नावं घेतात, ज्याचं नाव त्यानं "आलो" म्हणाचं अन् टोपलं रिकामं कराचं. जो तीन वर्षं आला नाही त्याचं नाव काका पुन्हा घेत नाहीत. मंग त्या माणसाले गावात ना पाणी ना चिता. मी तर पंधरा वर्षं गेलो नाही.

अन् शामकला लिहिते, पंधरा वर्षं काका "सेवकराम" म्हणतात अन् तू "आला" म्हणून टोपलं टाकते! एकवीसच्या एकवीस! मंगरूचे मंगरू टाकते, माझे तू टाकते. या साली तुझी पाठ चालत नाही, अन् काका म्हणाले की आता ज्याचं त्यानंच टाकाव, नाही तर नाव सोडू.

कोणी सांगितलं होतं तुले? मी चिठ्ठी धाडली होती, माझी माती टाक म्हणून? पन्नाशी उलटलेली बाई, डोक्यावर गाळाचं टोपलं, वैशाखाचं ऊन. राग आला मले तुझा, खरंच सांगतो. मंग राग उतरला, अन् मी आमच्या भटारखान्याच्या मागं जाऊन रडलो. चाळीस वर्षांचा घोडा, पांढरा कोट घातलेला. माळी पाहत होता. म्हणलो, कांदा कापून राहिलो.

माय गेली तेव्हा मी तीन वर्षांचा. तू चवदाची. माझ्यापायी तू सासरी जाणं चार वर्षं लांबवलं. पुढं तुझं कुंकू गेलं, मंगरूले कडेवर घेऊन परत आली, तर मी तुझ्या मंगरूचं दूध पिऊन टाकत होतो, आठवते का? मले रांधाले तूच शिकवलं. पाळीच्या कामावर तू पानगे कराची. कणकेचा जाड गोळा थापून, खाली पळसाचं पान, वर पळसाचं पान, अन् गोवऱ्यांच्या विस्तवात. विस्तव किती पाहिजे हे मी विचारलं, तर तू माझा पंजा धरून विस्तवावर आडवा धरला. म्हणाली, "आता तलावांची नावं घे." मोठा तलाव, आंबाबोडी, देवबोडी, चिखलबोडी, भुताबोडी. पाच नावं होईपर्यंत हात टिकला तर विस्तव बरोबर. तिसऱ्यातच हात ओढला तर अजून थांब.

तरी आपले पानगे खालून करपाचेच. बाबा अंगठ्याच्या नखानं काळं खरवडाचे अन् मुकाट खाचे.

आज इथं माझ्या हाताखाली दोन माणसं आहेत. साहेब लोक माझ्या हातचं मागून खातात. पण अजून मी विस्तवावर हात धरून तेच पाच तलाव म्हणतो. हे तुझं देणं आहे. हे सांगाले बारा वर्षं लागली, याची लाज वाटते.

बाबाच्या वेळी निरोप मले उशिरा पोचला, हे तुले ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी आलो तर राख पण सावडून झाली होती. अन् मी दाराशी उभा, घसा कोरडा, तर तू मले पाणी वरून ओतलं. ओंजळीत. जातीबाहेरच्याले ओततात तसं. ते मी विसरलो नाही बाई. म्हणून येतो असं म्हणत नाही. पण तू पाठ सांभाळ. माझ्या नावाचं काय व्हाचं ते होवो.

तुझा
सेवक


गोंदिया
शनिवार, १ मे १९२६

बाई,

तुझं कार्ड पोचलं. पुरी एक ओळ! "पाठ बरी हाये. तू काय रांधतो ते लिही." बारा वर्षांनी भाऊ चार पानं लिहिते अन् बहीण एका ओळीत निकाल लावते. तू आपल्या बापाचीच लेक आहेस.

काय रांधतो हा टोमणा असेल तर असो. मटण रांधतो, अंडी रांधतो, त्याचपायी तर पंच बसले होते अन् बाबा म्हणाले होते की हे काम सोड, जातीले प्रायश्चित्ताचा भात दे अन् घरी ये. मी काय बोललो तेही तुले आठवत असेल. मी सगळ्यांच्या देखत म्हणलो, "तुमच्या तलावाच्या चिखलात हात घालण्यापेक्षा साहेबाची चूल बरी."  बाबा उठले अन् फावडं घेऊन वावरात गेले. पंचवीस वर्षांच्या पोट्ट्याले तोंड असते, डोकं नसते.

पण एक पदार्थ असा आहे जो तू पण खाऊ शकशील, म्हणून तोच सांगतो.

सात वर्षांपासून इथं एक मेमसाहेब आहे. साहेब विलायतेचा, ही अमेरिकेची. उन्हाळ्यात छिंदवाड्याच्या छोट्या गाडीनं डोंगरातून आडूंची टोपली येते. आडू तू पाहिला नसशील. लिंबापेक्षा मोठा, पिवळा, एका गालावर लाल, अन् अंगावर बारीक लव, नुकत्या मिशा फुटलेल्या पोट्ट्यावानी. आत आंब्यासारखी कोय, पण खडबडीत. वास असा की स्टेशनमास्तर टोपली घेऊन स्वतः बंगल्यावर येते अन् दोन आडू घेतल्याबिगर हालत नाही.

पहिल्या साली मेमसाहेबानं मले समजावलं. तिची हिंदी म्हणजे देवाची करणी. "नीचे आडू, ऊपर आटा, आग में रखो." त्या पदार्थाचं नाव कॉब्लर. मी म्हणलो, समजलं. अन् मले खरंच वाटलं समजलं. खाली फळ, वर कणीक, विस्तवात ठेवाचं. म्हणजे पानगाच तर झाला! मी मैद्याचा मोठा पानगा थापला, आडूच्या फोडी आत भरल्या, कडा दाबल्या, पळसाच्या पानात गुंडाळला, अन् मागच्या अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवात पुरला. टेबलावर साहेब, दोन पाहुणे, चांदीचे काटे. अन् मी ताटात आणून ठेवला काळ्याठिक्कर पानांचा गोळा, वर राख.

साहेबाचं तोंड पाहाले पाहिजे होतं तू. पाहुण्यातली एक बाई म्हणे, हे जनावर आहे का? मले वाटलं, गेली नोकरी. मेमसाहेबानं पान सोलून काढलं. आत पानाच्या शिरा मैद्यावर उठलेल्या, शिरा अन् शिरा. तिनं एक घास खाल्ला. मंग हसाले लागली ते थांबेचना. डोळ्यातून पाणी. पुरा पानगा एकटीनं संपवला, खालचं करपलेलं तेवढं सुरीनं खरवडून.

मंग तिनं मले बरोबर शिकवलं. आडू कढत पाण्यात बुडवून काढले की साल आपोआप सुटते. फोडी कराच्या, साखर, लिंबू, दालचिनीची चिमूट. वरचं असं: मैदा, लोणी, चवीपुरतं मीठ अन् पीठ फुगवाची पूड बोटांनी चोळाची, अन् दुधात भिजवाचं. थापाचं नाही! गोळे गोळे वर टाकाचे, मधात फटी ठेवाच्या. विस्तव खाली अन् झाकणावर पण. फळाचा रस उकळून फटीतून वर येते, पाळीतून पाणी पाझरावं तसा. पण पळसाचं पान तिनं सोडू देलं नाही. पातेल्याच्या तळाले पान पाहिजेच म्हणते, त्याबिगर वास येत नाही.

आता ऐक, हे नीट वाच शामकला. त्यात अंडं नाही. अन् कणकेत पाण्याचा थेंब नाही. कणीक दुधात भिजवलेली, लोण्यातली. म्हणजे पक्कं अन्न झालं. पक्क्याले विटाळ नाही, हे तूच मले शिकवलं होतं, जत्रेत हलवायाच्या पुऱ्या खाताना. साहेबाच्या भटारखान्यातली हीच एक वस्तू आहे जी मी तुझ्यासमोर ठेवू शकतो. सात वर्षं दर उन्हाळ्यात ती बनवताना मले तुझीच आठवण येते. आतापर्यंत कोणाले सांगितलं नव्हतं.

मी केला तर तू खाशील का?

तुझा
सेवक


गोंदिया
रविवार, ९ मे १९२६

बाई,

तुझं दुसरं कार्ड आलं. या वेळी दोन ओळी, प्रगती आहे. "खाईन का नाही ते पाळीवर सांगीन, आधी माती." हे वाचून हसलो. पण दुसरी ओळ वाचली अन् हसू थांबलं. "काका म्हणते, बाबाचा निरोप त्यानं तुले दुपारीच देला होता. खरं काय?"

शामकला, पोरी, हे वाचताना थांबू नको. सासू रडली तरी थांबू नको. शिव्या देल्या तर त्या मले लिहून कळव.

काका खरं बोलतात. निरोप उशिरा पोचला नाही. उदाराम काका दुपारी बारालेच बंगल्याच्या मागच्या दाराशी आले होते, धुळीनं पांढरे झालेले. म्हणाले, "सेवक, चाल. बाप तुझं नाव घेऊन राहिला." दुपारच्या चांद्याच्या गाडीले दोन तास होते. मी गाडी धरली असती तर दिवस बुडाच्या आत घरी असतो.

त्या दिवशी बड्या साहेबाची खास गाडी येणार होती, बंगल्यावर जेवण होतं. मी काकाले म्हणलो, "साहेब सोडत नाही." अन् साहेबाले मी विचारलंच नव्हतं, बाई. एका शब्दानं विचारलं नव्हतं. काका परत गेले. मी संध्याकाळी कबाब वाढले, पुडिंग वाढलं. बड्या साहेबानं शाबासकी देली. त्या वेळेस बाबा गेले असतील.

जेवणाचं कारण होतं, पण खरं कारण ते नव्हतं. मी भ्यालो होतो. मले वाटलं, बाबा शेवटच्या श्वासाले पण मले तेच ऐकवतील, चिखल अन् चूल. ते तोंड पाहाची माझी हिंमत झाली नाही. मंग तिसऱ्या दिवशी आलो, अन् तू पाणी वरून ओतलं, अन् मले एकदम बरं वाटलं. बरं वाटलं! कारण आता रागावाले माझ्याजवळ काहीतरी होतं. ते पाणी मी बारा वर्षं धरून बसलो, म्हणजे मले बाकीचं धरावं लागत नव्हतं. अन् त्या बाराही वर्षांत तू माझ्या नावाचं टोपलं डोक्यावर घेऊन पाळ चढत होती.

लग्न पण राहून गेलं माझं. पोरीचा बाप विचारे, गाव कोणतं? मी म्हणे, गोंदिया. तिथंच बोलणं थांबे.

मले माफ कर असं लिहिणार होतो. लिहून खोडलं. ते कागदावर मागाची वस्तू नाही.

आता दैवाची गंमत पाहा. अक्ती शुक्रवारी. शनिवारी पाळीचं काम. अन् शनिवारीच बड्या साहेबाची गाडी आहे, बंगल्यावर बारा पानांचं जेवण. तेच काम, तोच मी. या वेळी मेमसाहेबाले विचारणार आहे. खरंच विचारणार आहे. तिनं नाही म्हणलं तर पांढरा कोट काढून खुंटीले टांगीन अन् येईन.

एकच पुसतो. मी पाळीवर उभा राहिलो तर तू तोंड फिरवशील का? फिरवणार असशील तर आधी कळव. मी तरी येईनच. पण आधी कळव.

सेवक


(शामकलाच्या हातचं कार्ड)

बुधवार, १२ मे

सेवक,

पोरगी लिहून राहिली, मी सांगून राहिली. मंगरू हे कार्ड गाडीवर गार्डाजवळ देईन, उद्या पोचन.

तुझं पत्र आयकलं. दोन डाव वाचाले लावलं. मले ठाऊक होतं. काका त्याच दिवशी सांगून गेले होते. तुझ्या तोंडून पाहिजे होतं.

पाण्याचं आयक. मी वरून ओतलं कारण ओसरीवर पंच बसले होते. लोटा तुझ्या हातात देला असता तर आपलं घरच जातीबाहेर पडलं असतं. मंग तुझं नाव पाळीवर कोणी घेऊ देलं असतं? कोणी माती टाकू देली असती? तुले तहान दिसली, मले पंधरा पिढ्या दिसल्या. तू विचारलं असतं तर सांगतलं असतं. विचाराची तुले सवय नाही.

ये. गोवऱ्या मी वाळवून ठेवल्या. दूध घरचं हाये. पळसाची पानं तू आणू नको, रेल्वेच्या पळसाले कोळशाचा वास येते.

तोंड मी कायले फिरवू? पाठ धरली हाये माझी, फिरवता येत नाही.

जमुना

(मामाजी, सासूबाई रडल्या नाहीत. पण मघापासून मडकं घासून राहिल्या, ते घासलेलंच होतं. — शामकला)


गोंदिया
मंगळवार, १८ मे १९२६

बाई,

तू तिथंच होती, सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालं. तरी लिहितो, कारण पाळीवर मले मनातलं बोलता आलं नाही. माझ्यासारख्या तोंडाळ माणसाचा आवाज फुटला नाही, हे तुले पण नवल वाटलं असेल.

मेमसाहेबाची गोष्ट सांगाची राहिली. गुरुवारी तिच्यासमोर उभा राहिलो अन् विचारलं. सगळं सांगितलं, बाबाचं पण.  ती म्हणाली, "उस दिन काहे नहीं पूछा? वो साहेब भी जाने देता." बाई, हे मी बारा वर्षं स्वतःले विचारलं नव्हतं. अन् तिनं आडूंची अर्धी टोपली माझ्यापुढं सरकवली. बारा पानांचं जेवण तिनं डब्यातल्या मासळीवर अन् डब्यातल्याच फळांवर निभावून नेलं. बडा साहेब नाराज झाला म्हणे. होवो.

हिरडामालीले उतरून चालत आलो, डोक्यावर टोपली. कोणी ओळखलं नाही. आमराईजवळ पोचलो. वरून काकाचा आवाज ऐकू आला, नावं सुरू झाली होती. आवाज आता चिरका झाला त्यांचा. मी टोपली पळसाखाली ठेवली, कोणाचं तरी गाळाचं टोपलं उचललं अन् चढाले लागलो. काका म्हणाले, "मंगरू." मंगरूनं टाकलं. मंग काका थांबले. तुझ्याकडे पाहिलं. तू खाली बसली होती, पाठीले फडकं बांधून. काका हळूच म्हणाले, "सेवकराम."

अन् तू काही बोलली नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदा गप्प बसली. तू मले आधीच पाहिलं होतं, हो का नाही?

"आलो," मी म्हणलो. आवाज माझा मलेच कोणा दुसऱ्याचा वाटला.

कुजबूज झाली, ती मी ऐकली. कोणी म्हणलं, हा जातीत कुठं आहे? तेव्हा काका काठी आपटून बोलले ते मले मरेपर्यंत पुरेल. "याची पंधरा वर्षांची माती या पाळीत हाये. काढून दाखवा कोणती याची नाही ते. भाताचं पुढं पाहू."  एकवीस टोपले टाकले मी. सातव्यालाच कंबर मोडली, साहेबाच्या चुलीनं मले लोण्याचा करून टाकला. तू मोजत होती अन् मंगरूची शामकला पदरात तोंड घालून हसत होती, ते पण मी पाहिलं.

मंग पानगा. आडू सोलले तेव्हा गावातले सगळे भोवती. मैदा दुधात भिजवला तेव्हा काका वाकून पाहत होते, पाणी पडते का म्हणून. "अंडं?" त्यांनी विचारलं. नाही. "पाणी?" थेंब नाही. तुझी पळसाची पानं तळाले लावली. विस्तवावर हात धरला, आपली पाच नावं घेतली, बरोबर भुताबोडीवर हात तापला, अन् पातेलं ठेवलं. वास सुटला तेव्हा लोक पातेल्याजवळ सरकले. तेव्हा मले माझा गर्व वाटला, खोटं कायले बोलू.

तुझ्यापुढं पान ठेवलं.  सगळे पाहत होते, पंच पण. तू घास उचलला. अन् खाण्याआधी उलटा करून पाहिला अन् अंगठ्याच्या नखानं खालचं काळं खरवडलं. डिट्टो बाबा. मंग खाल्ला. दुसरा खाल्ला. मले वाटलं आता काही गोड बोलशील.

तू म्हणाली, "करपला."

मी म्हणलो, "आपले पानगे करपतेतच."

"आता नाही करपत. तू एक नाव सोडून राहिला."

"पाचच तर आहेत बाई. मोठा तलाव, आंबाबोडी..."

"सहा हायेत," तू म्हणाली. अन् हात करून दाखवलं, आमराईच्या खाली, आपल्या वावराच्या कोपऱ्याले. मी येताना तिच्याजवळूनच चालत आलो होतो. लहानशी बोडी, पाळीवर गवत, वैशाखात पण गुडघाभर पाणी. मले वाटलं होतं कोणाची तरी नवीन असेल.

तू सांगितलं ते शब्दास शब्द लिहितो, म्हणजे माझ्याजवळ कागदावर राहील. तू म्हणाली, "तू बोलून गेला त्याच दिवशी बाबानं फावडं उचललं. दोन उन्हाळे एकट्यानं खणली. कोणाले हात लावू देला नाही. काकानं विचारलं, नाव काय ठेवता? तर म्हणाले, माझ्या सेवाची हाये. तो म्हणते चिखलात हात घालत नाही. नको घालू म्हणा. पाणी तर पिशील."

सेवाबोडी. पुरं गाव तिले सेवाबोडी म्हणते, बारा-तेरा वर्षांपासून. अन् तू पानग्याच्या विस्तवावर सहावं नाव घेते, विस्तव तेवढा आणखी निवते, अन् पानगे करपत नाहीत. मी इकडं गोंदियात पाचच नावं घेऊन साहेबाले करपलेलं वाढत होतो.

मी विचारलं, मले आधी काऊन नाही सांगितलं? तू म्हणाली, "राग होता मले. बाप तुझं नाव घेत गेला अन् तू आला नाही. म्हणलं, हे याले सांगाचं नाही. याची लायकी नाही." असं तोंडावर म्हणाली, अन् लगेच आपला लोटा भरून माझ्या हातात देला. हातात, बाई. सगळ्यांच्या देखत. पंच बसले होते तरी. काकानं तोंड दुसरीकडे केलं अन् म्हणाले, "ऊन लय हाये आज."

मी ते पाणी प्यालो. सेवाबोडीचं होतं का मोठ्या तलावाचं, हे विचारलं नाही. तू लोटा परत घेतला अन् उरलेलं पाणी तूच पिऊन टाकलं. तुले तहान लागली होती का मले दाखवाले प्याली, ते तुलेच ठाऊक.

बाई, तुझे उपकार मले मोजता येत नाहीत. तू माझं बालपण सांभाळलं, माझा हात विस्तवावर धरून मले पोटाची विद्या देली, माझं नाव डोक्यावर वाहिलं, अन् बाबाले पण माझ्यासाठी जपून ठेवलं. रागात का होईना, जपलं. भाताचं जे काका म्हणतील ते करीन. पुढच्या अक्तीले माझी माती मीच टाकीन, अन् तुझ्या मनात असेल तर तुझीही. तू फक्त सावलीत बस अन् शिव्या दे.

आडूच्या कोया मंगरूनं सेवाबोडीच्या पाळीवर पुरल्या. आपल्या उन्हात येईल असं वाटत नाही. पण शामकला दोन लोटे पाणी रोज घालीन म्हणाली, तर घालू दे.

काल उरलेल्या आडूंचा इथं पुन्हा केला. विस्तवावर हात धरला. मोठा तलाव, आंबाबोडी, देवबोडी, चिखलबोडी, भुताबोडी. हात टिकला, तरी पातेलं ठेवलं नाही. थांबलो. विस्तव आणखी निवू देला. पुन्हा हात धरला अन् सहाही नावं घेतली.

मेमसाहेबानं सवयीनं सुरी उचलली, घास उलटा करून पाहिला, अन् सुरी खाली ठेवली. खरवडाले काहीच नव्हतं. म्हणाली, "सेवकराम, आज तुम्हारा मंतर लंबा था."

मी म्हणलो, "हाँ मेमसाहेब. घर का एक नाम छूट गया था."

तुझा
सेवक